झँगिफची पकड: तीनशे साठचा फेरा नव्याने शिकणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात आमच्या पेठेत एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. दोन मशिनं मुस्तफाची (कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स हा खेळ), एक स्ट्रीट फायटरचं, म्हणजे समोरासमोरच्या मारामारीचं. रुपयाला एक डाव. केन आणि ऱ्यू या पात्रांसाठी भांडणं व्हायची, पण झँगिफ या पैलवानाला कुणी हात लावत नसे, कारण त्याला ‘आडूकेन’, म्हणजे लांबून फेकायचा फायरबॉल, नव्हतं. एक दिवस एका थोराड पोराने झँगिफ घेतला, माझ्या ऱ्यूला मिठी मारली, हवेत गरागरा फिरवलं आणि डोक्यावर आपटलं. माझ्या आयुष्याच्या पट्टीचा मोठा लचका गेला. कसं केलंस विचारलं तर म्हणाला, “स्टिक गोल फिरव आन् बटण दाब.”

एवढ्या ज्ञानावर मी पुढची कित्येक वर्षं काढली. मी गोल फिरवायचो, झँगिफ उड्या मारायचा. २०२३ मध्ये स्ट्रीट फायटर सिक्स आला, मी पुन्हा तोच लालबुंद पैलवान उचलला आणि या वेळी नीट शिकलो. शिकताना जिथे जिथे डोकं आपटलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. लेख झँगिफच्या स्क्रू पाइलड्रायव्हरबद्दल आहे, म्हणजे ज्याला सगळे एसपीडी म्हणतात. हा डाव कळला की बाकीच्या ग्रॅबरांचं, म्हणजे पकडीवर जगणाऱ्या पात्रांचं, अर्धं गणित आपोआप कळतं.

१. पकड नेमकं काय करते

या खेळात मारापासून वाचायचं तर मागे दाबून ब्लॉक करायचा. मग समोरचा नुसता ब्लॉक धरून बसला तर? त्यासाठी पकड. ब्लॉक असो वा नसो, पकड लागते.

साधी पकड सगळ्यांकडे असते. सिक्समध्ये हलका पंच आणि हलकी किक एकत्र दाबली की ती निघते आणि पाच फ्रेममध्ये लागते. खेळ सेकंदाला साठ फ्रेमने चालतो, म्हणजे एका सेकंदाच्या बाराव्या भागात. पण समोरच्याने वेळेवर तीच दोन बटणं दाबली तर तो सुटतो. एसपीडी मात्र कमांड ग्रॅब आहे, म्हणजे स्टिकच्या खास हालचालीने निघणारी पकड. लागली की सुटका नाही. म्हणूनच तिच्यासाठी स्टिकचा एवढा खटाटोप.

पकडीला तीन ठिकाणी बंदी आहे, आणि नवशिक्यांचे निम्मे एसपीडी इथेच वाया जातात:

- समोरचा हवेत असेल तर लागत नाही. उडी मारायला पाय उचलला की तो सुटला.
- तो मार खात असेल किंवा ब्लॉकमध्ये थरथरत असेल तर लागत नाही. थरथर संपल्यावरही नव्या भागांत एकदोन फ्रेमची सवलत असते.
- तो नुकताच उठत असेल तर पहिल्या क्षणाला लागत नाही.

तिसऱ्या मुद्द्याने मला फार छळलं. पडलेल्या माणसावर घाईने एसपीडी टाकली की झँगिफ रिकाम्या हवेला मिठी मारतो आणि समोरचा आरामात उठून हिशेब चुकता करतो.

२. लागणारं सामान

- स्ट्रीट फायटर सिक्स. पीएस ४, पीएस ५, एक्सबॉक्स सिरीज किंवा स्टीमवर मिळतो. मोफत डेमोही आहे. त्यात झँगिफ हाती येत नाही, पण तुमचा कॉम्प्युटर गेम ओढतो का ते कळतं.
- जुने भाग बघायचे असतील तर २०१८ मध्ये आलेलं थर्टिएथ अॅनिव्हर्सरी कलेक्शन. त्यात आर्केडचे बारा गेम एकत्र आहेत. पार्लरमधला स्ट्रीट फायटरचा दुसरा भागही त्यात आहे.
- पॅड, स्टिक किंवा नुसत्या बटणांचा लिव्हरलेस. नवीन काही विकत घेऊ नका. जे घरात आहे त्यावर सुरू करा.
- ट्रेनिंग मोडमध्ये दोन गोष्टी चालू करा: दाबलेल्या कळांची यादी आणि फ्रेम मीटर. पहिलीशिवाय तुमची चूक तुम्हाला दिसणारच नाही.

३. फेरा पूर्ण मारू नका

‘तीनशे साठ’ हे नाव फसवं आहे. गेमला पूर्ण वर्तुळ नको असतं. त्याला पुढे, खाली, मागे, वर या चार मुख्य दिशा ओळीने हव्या असतात. म्हणजे पुढून सुरू करून खालून मागे गेलात आणि तिथून वर टेकलात की काम झालं. तो पाऊणच फेरा झाला. उरलेला पाव फेरा मी पार्लरच्या दिवसांपासून फुकट मारत होतो आणि तेवढ्या वेळात पैलवान हवेत जात होता.

उडीचं कोडंही इथेच सुटतं. वर दाबल्याबरोबर पात्र उडत नाही. आधी काही फ्रेम ते गुडघे वाकवतं. तेवढ्या वेळात बटण बसलं तर उडी रद्द होऊन पकड निघते. म्हणून बटण ‘वर’च्या सोबतच दाबायचं, वर पोहोचल्यावर विचार करून नाही.

हात कसा चालवायचा ते यंत्रानुसार बदलतं.

पॅडवर अंगठ्याने दिशांची चकती वापरत असाल तर अंगठा उचलू नका. पेरावर घसरवत न्या. पहिल्या आठवड्यात अंगठ्याच्या कडेला फोड येतो, तो सगळ्यांना येतो. स्टिकवर मुठीत धरून घुसळू नका, ताक करायचं नाहीये. दोन बोटांत दांडा धरून मनगटाने ढकला. लिव्हरलेसवर तर फेरा नसतोच. पुढे, खाली, मागे, वर अशी चार बटणं तबल्यावर बोटं पडावीत तशी एकामागोमाग पडतात, शेवटचं अंगठ्याने. नवशिक्याला सगळ्यात लवकर जमतं ते यावर, असं माझं मत. पण त्यासाठी पैसे घालवावेत असं मी म्हणणार नाही.

आता चूक ओळखा:

- झँगिफ उडतोय? बटण उशिरा पडतंय.
- बसून साधा पंच मारतोय? ‘वर’ नोंदलाच नाही, किंवा बटण लवकर पडलं.
- उभा राहून पंच मारतोय? मधली एक दिशा सुटली आहे. यादी बघा, बहुधा ‘खाली’ किंवा ‘मागे’च्या जागी नुसता तिरका बाण असेल.

पहिले दोन दिवस समोर डमी उभी करून फक्त एवढंच. गती नको. आधी चारही बाण यादीत स्वच्छ दिसू देत, वेग मागून येतो.

ज्यांना हे नकोच आहे त्यांच्यासाठी सिक्समध्ये मॉडर्न कंट्रोल आहेत. त्यात स्पेशल डाव एका बटणावर निघतात, पण अशा सोप्या वाटेने काढलेल्या डावाचा मार वीस टक्क्यांनी कमी होतो. यात कमीपणा काही नाही. हात दुखरे असतील तर सरळ हेच घ्या.

४. कुठला पंच?

फेरा तोच, पण हलका, मध्यम आणि जड पंच यांत फरक आहे. हलक्याची पोच सगळ्यात लांब, जडाचा मार सगळ्यात मोठा. जुन्या भागांपासून जवळजवळ हाच नियम आहे. लोक मार बघून जड पंच दाबतात आणि बोटभर अंतराने हुकतात.

माझा नियम साधा: अंतराची खात्री नसेल तर हलका. समोरच्याचा मोठा डाव फसून तो नाकासमोर उघडा उभा असेल तरच जड. ड्राइव्ह गेज या ताकदीच्या पट्टीचे सहापैकी दोन खण मोजून दोन पंचांची ओव्हरड्राइव्ह, म्हणजे जास्त जोराची, पकडही काढता येते, पण सुरुवातीला ते खण जवळ पोहोचायला वाचवून ठेवा.

५. फेरा लपवा

उभ्या उभ्या स्टिक घुसळत बसलात तर समोरच्याला दिसतं. जाणते लोक फेरा दुसऱ्या हालचालीच्या पोटात लपवतात. तीन जागा पुरेत.

चालताना: पुढे चालत आहात, म्हणजे ‘पुढे’ आधीच दाबलेलं आहे. उरलं खाली, मागे, वर. चालता चालता थेट पकड, मध्ये काही नाही. समोरच्याला सगळ्यात जास्त राग याच पकडीचा येतो.

उडीत: समोर उडी मारा, हवेत काहीच मारू नका, उतरताना फेरा पूर्ण करा आणि पाय टेकताच बटण. समोरचा वरच्या माराच्या भीतीने ब्लॉक धरून बसलेला असतो. फेरा फार आधी मारला तर गेम तो विसरतो, म्हणून उडीच्या उतरत्या अर्ध्यातच मारा.

हलक्या पंचात: जुना, बदनाम आणि अजून चालणारा प्रकार. बसून एक हलका पंच मारा, समोरचा ब्लॉक करेल. तुमचा हात परत येईतो स्टिक फिरवा आणि ब्लॉकची थरथर संपताच पकड. इथे लोभ नडतो. ब्लॉक झालेला प्रत्येक फटका दोघांना थोडं दूर ढकलतो. एक पंच मारलात तर पोच राहते, दोन-तीन मारलेत तर स्वतःच स्वतःला पकडीबाहेर ढकललंत.

दुसऱ्या भागात याला आणखी एक युक्ती जोडली जायची. त्या गेमला बटण दाबणं आणि बटण सोडणं दोन्ही सारखंच वाटायचं. पंच दाबून धरायचा, फेरा मारायचा आणि सोडायचा. पकड लागली तर लागली, हुकली तर नुसता पंचसुद्धा निघत नाही. पार्लरमधल्या त्या थोराड पोराला हे ठाऊक असणार. मला सांगितलं नाही.

६. खडाखडी

कुस्तीत पहिला हात लागल्याबरोबर कुणी धोबीपछाड मारत नाही. आधी खडाखडी होते, हाताला हात, मानेवर हात, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते चाचपणं. झँगिफचंही तसंच आहे. सिक्समध्ये बहुतेकांचं आयुष्य १०,००० आणि त्याचं ११,००० आहे. ती जादाची हजार म्हणजे जवळ जाताना खायच्या माराची आगाऊ भरपाई समजा. तो हळू चालतो आणि फायरबॉल फेकणारे त्याला लांब ठेवतात.

म्हणून आधी जवळ कसं जायचं ते शिका. फायरबॉल ब्लॉक करत, पॅरी करत (ड्राइव्ह गेज वापरून मार परतवत), पावलापावलाने पुढे. धावत सुटू नका. ड्राइव्ह रश, म्हणजे झपकन पुढे धाव, एक खण घेतो आणि अंतर एकदम मिटवतो, पण दर वेळी तोच केलात तर समोरचा वाटेत एक पंच आडवा धरून ठेवतो. उभ्याचा जड पंच दाबून धरला तर झँगिफ समोरचा फटका अंगावर घेऊन पुढे मारतो. याची भीती बसली की समोरचा बटणं दाबायचं थांबवतो, आणि गप्प उभा असलेला माणूस हेच तर तुमचं गिऱ्हाईक.

सिक्सने ग्रॅबरला दोन बक्षिसं दिली आहेत. समोरचा पॅरी धरून बसला असेल तर पकड लागतेच, वर मारही वाढीव बसतो. आणि ड्राइव्ह इम्पॅक्ट हा रंगीत धक्का, जो दोन फटके झेलून तुमच्या अंगावर येतो, तो पकडीला झेलू शकत नाही. तो लागायला २६ फ्रेम घेतो. रंग दिसला की फेरा मारायला तेवढा वेळ पुरतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

आता समोरच्याची बाजू. तुम्ही जवळ आलात की शहाणा माणूस उडी मारेल, मागे झेप घेईल किंवा उठता उठता श्योर्यूकेन, म्हणजे वर उसळणारा ठोसा, लावेल. प्रत्येकाला उत्तर वेगळं आहे. उडीला पकड नाही, वरचा मार. हात पसरून गरगर फिरणारी डबल लॅरिएट काढा किंवा सुपर डावांच्या पट्टीचा खण भरला असेल तर हवेतून ओढून घेणारी एरियल रशियन स्लॅम. श्योर्यूकेनला नुसता ब्लॉक, मग तो खाली येताना जड पंचाची एसपीडी. दोनदा पकड लागली की तिसऱ्या वेळी माणूस उडतोच. तिसऱ्यांदा पकड टाकू नका.

७. तुमच्या हातात कुठला भाग आहे ते बघा

यूट्यूबवर जुनी शिकवणी बघून नव्या भागात खेळणारे फार आहेत. गेली तीसेक वर्षं डावाचं चित्र बहुतांशी तेच आहे: मिठी, गिरकी, डोक्यावर आपट. बदलत गेलं ते हुकल्यावर काय होतं ते, आणि खेळायची पद्धत त्यावरच ठरते.

१९९१ च्या दुसऱ्या भागात झँगिफकडे दोनच खास डाव होते, लॅरिएट आणि ही पकड. सोव्हिएत पैलवान, नाव व्हिक्टर झँगिएव्ह या खऱ्या सोव्हिएत मल्लाच्या नावावरून आलेलं, आणि शेवटी गोर्बाचेव्हसारखा दिसणारा गृहस्थ येऊन त्याच्यासोबत नाचतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत संघच संपला. त्या भागात पकड तत्काळ लागायची आणि हुकली तर वेगळं काही दिसायचं नाही, साधा पंच निघायचा. म्हणजे प्रयत्न फुकट होता. पोचही अशी की वाटावं, माणूस लोहचुंबकाने ओढला.

पुढे याच भागाच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. १९९२ च्या टर्बोत किकवर वेगवान लॅरिएट आली. १९९३ च्या सुपरमध्ये फेरा किकसोबतही चालू लागला: जवळ असाल तर सुप्लेक्स, लांब असाल तर तो धावत जाऊन धरतो. १९९४ च्या सुपर टर्बोत फायरबॉल पुसून पुढे सरकणारा हिरवा हात मिळाला आणि दोन फेऱ्यांचा फायनल अॅटॉमिक बस्टर हा सुपर डाव. याच भागात साध्या पकडीतून पडताना सावरून मार कमी करायची सोय आली, पण एसपीडीला ती सवलत नव्हती. हिरवा हात आल्यावर झँगिफची जवळ जायची अडचण निम्म्याने कमी झाली. मला तो भाग म्हणूनच सगळ्यात आवडतो.

तिसऱ्या भागात झँगिफ नाही. त्याची गादी १९९७ च्या सेकंड इम्पॅक्टपासून ह्यूगो या धिप्पाड जर्मन पैलवानाने चालवली, आणि फेरा तोच.

२००८ चा चौथा भाग आला तोवर हिशेब उलटला होता. पकड हुकली की झँगिफ हात पसरून हवा कवटाळतो आणि ते दृश्य संपेपर्यंत उघडा पडतो. १९९१ मध्ये जे फुकट होतं त्याची इथे अख्ख्या कॉम्बोने किंमत मोजावी लागते. तरीही पहिल्या आवृत्तीत तो वरच्या फळीत होता, कारण हिरवा हात ब्लॉक झाला तरी तो मिठीच्या अंतरावर पोहोचायचा. नंतरच्या आवृत्त्यांत त्याला आवर घातला. इताबाशी झँगिफ नावाच्या जपानी खेळाडूने तर पात्राचं नाव स्वतःच्या नावातच घेतलं आहे. त्याचे सामने शोधून बघा, पण हात बघू नका, पाय बघा. तो किती वेळा पकड *टाकत नाही* ते मोजा.

सिक्समध्येही हुकलेली पकड तितकीच महाग आहे. म्हणून जुन्या सवयीने, लागली तर लागली म्हणून फेरे मारू नका. शिवाय हा भाग अजून बदलतो आहे. मे २०२४ मध्ये अकुमा हे पात्र या भागात आलं, त्यासोबत सगळ्याच पात्रांत फेरफार झाले. बदलांची यादी आली की आधी आपल्या पात्राचं पान उघडा आणि तीन गोष्टी बघा: पोच, मार, आणि पकड लागल्यावर समोरचा किती लांब पडतो. तिसरी गोष्ट लोक वाचत नाहीत. तीच बदलली की पकडीनंतरचा तुमचा सगळा पाठ केलेला क्रम कोसळतो.

जाता जाता, फेरा जमतच नसेल आणि मॉडर्नही नको असेल तर सिक्समधली फ्रेंच ज्युडोपटू मनॉन घेऊन बघा. तिची पकड अर्ध्या फेऱ्याची आहे, पुढून खालून मागे आणि पंच. गंमत म्हणजे ती सामन्यातच बदलते. पकड लागेल तसं एकेक पदक मिळतं, पाचपर्यंत, आणि प्रत्येक पदकागणिक मार वाढतो. राउंड संपला तरी पदकं राहतात.

८. सरावाचा क्रम

पहिला आठवडा: उभ्या डमीवर दोन्ही बाजूंनी पन्नास-पन्नास पकडी. दोन्ही बाजू महत्त्वाच्या. मी महिनाभर फक्त डावीकडून सराव केला आणि पहिल्याच ऑनलाइन सामन्यात समोरच्याने बाजू बदलल्यावर मुका झालो.

दुसरा आठवडा: चालत जाऊन, उडीतून आणि हलक्या पंचातून, दिवसाला एकच प्रकार.

तिसरा आठवडा: डमीच्या रेकॉर्डिंगमध्ये तीन हालचाली भरा. एकीत ब्लॉक, दुसरीत उडी, तिसरीत हलका पंच. तिन्ही आलटूनपालटून चालू राहतील असं लावा आणि बघून ठरवा: पकड, लॅरिएट की ब्लॉक. दहापैकी सहा वेळा बरोबर निघालं की रँक्डमध्ये, म्हणजे क्रमवारीच्या ऑनलाइन सामन्यांत, जायला हरकत नाही.

इंटरनेट वायफायवर असेल तर वायर लावा. झटके बसणाऱ्या लाइनवर पाऊण फेरा धड नोंदला जात नाही आणि आपण आपल्याच अंगठ्याला शिव्या देत बसतो.

पॅडची पावती फेकू नका. सहा महिन्यांत माझ्या पॅडची खालची दिशा अडायला लागली. हमीचे दोन आठवडे शिल्लक होते, पण पावती रद्दीत गेली होती.